चार दिवस उभी राहिलेली घोडी

३० नोव्हेंबर २०२३, गुरुवार. सकाळी पावणेआठला फोन वाजला. तळोदा-शहादा पट्ट्यातल्या एका गावातून आबा बोलत होते. आवाज घाबरलेला.

"डॉक्टरसाहेब, घोडी पाय उचलत नही. आंग घामानं ओलं शे. पोट दुखी ऱ्हायनं वाटस."

"फिरवताय का तिला?"

"अर्धा तास व्हयना, फिरवी ऱ्हायनूत."

"आधी थांबा. जिथं आहे तिथंच उभी ठेवा. एक पाऊलसुद्धा चालवू नका. आणि मला सांगा, आज किती दिवसांनी बाहेर काढली?"

"रविवारपासून दावणीला होती."

फोनवरच माझा निम्मा अंदाज बांधला गेला. त्या रविवारी, २६ तारखेला, उत्तर महाराष्ट्राला अवकाळीने झोडपलं होतं. कुठे गारा, कुठे वादळी पाऊस. कापूस वेचणीचे दिवस असल्याने गावोगाव एकच धावपळ उडाली. घरातली सगळी माणसं शेतात, घोडी चार दिवस गोठ्यात उभी आणि खुराक मात्र रोजचाच. गुरुवारी उघडीप दिसल्यावर आबांच्या मुलाने साडेसहाच्या गारठ्यात खोगीर चढवलं. दत्तजयंती २६ डिसेंबरला. त्या दिवशीच्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला सव्वीस दिवस उरलेले आणि चार दिवस वाया गेलेले. ती भरपाई एकाच सकाळी करायची म्हणून तो गावाबाहेर पडताच घोडी पिटाळायला लागला.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण आमच्याकडे दर हिवाळ्यात अशा दोन-तीन घोड्या आखडतात आणि दर वेळी दोष थंडीला दिला जातो. आबांच्या परवानगीने लिहितोय. नावं टाकलेली नाहीत.

त्या सकाळी काय दिसलं

सहा वर्षांची मारवाडी घोडी, कुमेत म्हणजे तांबूस अंगाची नि काळ्या आयाळीची, कपाळावर टिळा. अंगणात लिंबाखाली चार पाय रुतवल्यासारखी उभी. मान पुढे ताणलेली, नाकपुड्या फुललेल्या. मानेपासून मागच्या मांसल पुठ्ठ्यापर्यंत घाम. श्वास मिनिटाला ४०, नाडी ६८, ताप ३८.६ अंश. निरोगी, शांत उभ्या घोड्याची नाडी २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो, यावरून तिला केवढ्या वेदना होत होत्या ते कळावं.

पोटशूळ असता तर तिने पोटाकडे वळून पाहिलं असतं, पुढच्या पायाने जमीन खरवडली असती, लोळायला बघितलं असतं. यातलं काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंनी पोटाला कान लावला, आतडी व्यवस्थित वाजत होती. मग पुठ्ठ्यावर हात ठेवला. तिथलं मांस लाकडासारखं घट्ट झालेलं. बोटाने जरा दाबलं तर घोडी अख्खी थरथरली. मुलाला म्हटलं, इथं हात ठेव. त्याने ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

तासाभराने ती मुतली. मुलाने घरातलं स्टीलचं पातेलं खाली धरलं. पातेल्यात बिनदुधाच्या कडक चहासारखं काळपट तांबडं पाणी जमलं. तो पातेल्याकडे बघत राहिला. "रगत शे का?" मी म्हटलं, रक्त नाही, तिचं मांस विरघळून उतरतंय.

ते अक्षरशः खरं होतं. स्नायूंच्या पेशी फुटतात तेव्हा त्यांच्यातलं मायोग्लोबिन हे लाल द्रव्य रक्तात येतं आणि मूत्रपिंडांतून गाळून बाहेर पडतं. ते फार झालं आणि अंगात पाणी कमी असलं तर मूत्रपिंडंच निकामी होतात. या दुखण्याला अझोटुरिया म्हणतात. त्याचं जुनं नाव 'मंडे मॉर्निंग डिसीज', म्हणजे सोमवार सकाळचा आजार. युरोपात ओझ्याच्या गाड्या ओढणारे घोडे रविवारी तबेल्यात उभे असायचे, पुढ्यात दाणा नेहमीइतकाच, आणि सोमवारी गाडीला जुंपल्यावर थोडं चालून जागच्या जागी आखडायचे. आमच्या घोडीचा सोमवार गुरुवारी उजाडला, एवढाच फरक.

आता त्या अर्ध्या तासाविषयी. पोटशूळ समजून घरच्यांनी तिला ओढून ओढून फिरवलं. पोटशूळात घोडं फिरवायचं हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. इथे मात्र प्रत्येक पावलागणिक आणखी पेशी फुटतात. त्यात शेजारच्या कुणीतरी बाटलीने हिंग-ओव्याचं तेल पाजलं होतं. वेदनेने धापा टाकणाऱ्या घोड्याच्या तोंडात बाटली उपडी केली की तेल सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. नशिबाने तसं झालं नाही. म्हणून हे आधी सांगतो: घोडं कामाला लावल्यावर थोड्याच वेळात आखडलं, मागचा भाग घट्ट लागला, लघवी काळी आली, तर चालवू नका, तोंडाने काही पाजू नका, दाणा काढून घ्या, उन्हातून सावलीत किंवा वाऱ्यातून आडोशाला न्यायचं असेल तरी डॉक्टर येईपर्यंत थांबा.

उपचार थोडक्यात. शिरेतून दहा लिटर सलाईन, नाकातून नळी घालून सहा लिटर कोमट पाणी. वेदनाशामक फ्लुनिक्सिन लगेच दिलं नाही. शरीर कोरडं असताना ते दिलं की मूत्रपिंडांवरचा भार वाढतो. लघवीचा रंग फिकट व्हायला लागल्यावर दिलं. रक्त तपासायला पाठवलं. स्नायू फुटल्याची खूण सांगणारं सीके १८,००० च्या वर निघालं, निरोगी घोड्यात ते काहीशेच्या घरात असतं. संध्याकाळी लघवी फिक्या चहासारखी, दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी गढूळ पिवळी. धोका टळला होता.

दाण्याचा हिशेब

तिसऱ्या दिवशी तराजू आणि टेप घेऊन बसलो. घोडीचं वजन टेपवर काढता येतं: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करायचा, त्याला अंगाच्या लांबीने गुणायचं, म्हणजे खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत, आणि ११,८८० ने भागायचं. घेर १६८, लांबी १५५. वजन आलं ३६८ किलो.

या वजनाच्या घोडीला दिवसाला दीड ते दोन टक्के कोरडा चारा हवा, म्हणजे साडेपाच ते साडेसात किलो. तिच्या पुढ्यातला दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा मोजला. चार किलो भरला, त्यातला किलोभर ती पायाखाली तुडवायची. दाणा मात्र असा: भिजवलेला हरभरा दोन किलो, बाजरी एक, जव एक, वर पाव किलो गूळ. ताट उलटं वाढलेलं होतं.

इथे माझीही चूक आहे आणि ती लिहिली पाहिजे. ऑक्टोबरमध्ये मी त्याच घरी लसीकरणाला गेलो होतो. घोडी जरा उतरलेली दिसली, तेव्हा मीच म्हणालो होतो की जत्रेपर्यंत खुराक वाढवा. काम नसलेल्या दिवशी तो कमी करा, हे मी सांगितलं नाही. आबांनी माझा शब्द तंतोतंत पाळला.

पूर्वी या आजाराचं सगळं खापर स्नायूंतल्या लॅक्टिक ॲसिडवर फोडलं जायचं. ते आता मागे पडलं. काही घोड्यांत साखर साठवण्याचा जन्मजात दोष असतो, माद्यांत आणि तापट जनावरांत हे जास्त दिसतं. पण आपल्या गोठ्यांत जे पुन्हा पुन्हा घडतं ते साधं आहे: पिष्टमय दाणा भरपूर, हालचाल शून्य, मग अचानक जोर. यात थंडी कुठेच नाही. हिवाळ्याचा दोष एवढाच की या दिवसांत घोडं उभं राहण्याची कारणं वाढतात. वेचणी, लग्नं, अवकाळी, उशिरा उगवणारा दिवस. आणि लोक 'थंडीत ताकद पाहिजे' म्हणून नेमका दाणाच वाढवतात.

ऊब दाण्याने येत नाही, चाऱ्याने येते. कडबा, वाळलं गवत घोड्याच्या मोठ्या आतड्यात तासन् तास आंबत राहतं आणि त्यातून सतत उष्णता निघते. रात्री गारठा वाढणार असेल तर निजायच्या आधी दोन किलो कडबा जास्त टाका, ती घोड्याची शेकोटी. शिवाय दिवस लहान झाले की कातडीवर हिवाळी केस आपोआप दाट येतात. देवाने दिलेली ती झूल आहे.

आपल्या खान्देशातल्या थंडीची खोड वेगळीच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८-१० अंश, लाट आली तर धुळ्यात ५-६ सुद्धा, आणि दुपारी अंगातला सदरा काढावा असं ऊन. घोडीवर रात्री टाकलेली गोधडी दुपारी बारापर्यंत तशीच असायची. आतून अंग घामेजायचं, संध्याकाळी वारा सुटला की तेच ओलं अंग गार पडायचं. सांगितलं, नऊला झूल उतरलीच पाहिजे आणि ओल्या अंगावर कधी घालायची नाही. आधी वाळल्या गवताच्या बोळ्याने चोळून कोरडं करायचं, मग खरारा, मग झूल.

नवा खुराक ठरला. पहिला आठवडा दाणा पूर्ण बंद. कडब्याची कुट्टी आणि वाळलं गवत मिळून सहा किलो, त्यावर ओला लसूणघास सात किलो. शहाद्याकडे उसाचे वाढे फुकट मिळतात म्हणून लोक तेच भरमसाट टाकतात, पण त्यातलं ऑक्झलेट घोड्याचं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून ते बंद. ताकदीसाठी चोकर-कुट्टीत शेंगदाणा तेल, ५० मिलीपासून चढवत १५० मिलीपर्यंत. तेलातून ऊर्जा मिळते आणि पिष्ट नाही. मीठ रोज ३० ग्रॅम. दुसऱ्या आठवड्यापासून भिजवलेला हरभरा अर्धा किलो, त्यापुढे किलोवर जायचं नाही. आणि ज्या दिवशी काम नाही त्याच्या आदल्या संध्याकाळपासूनच दाणा बंद, चारा तेवढाच.

राहिलं पाणी. सिमेंटच्या हौदातलं पहाटेचं पाणी हाताला झोंबत होतं. दोन दिवस बादलीने मोजून पाजलं: दिवसभरात १४ लिटर. एवढ्या अंगाच्या घोडीने वीस-पंचवीस तरी प्यायला हवं. कोरडा कडबा, कमी पाणी, वर कामाचा घाम. हिवाळ्यात आतड्यात चारा अडकून होणारा खरा पोटशूळ इथूनच सुरू होतो. आबांच्या घरी चुलीवर आंघोळीचं पाणी तापतंच. त्यातली कळशीभर बादलीत ओतून कोमट केलं आणि ताबडतोब फरक दिसला. आठवडाभराने आकडा २४ वर गेला.

स्वार

चौथ्या दिवशी मुलगा मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. मी म्हटलं, तुझी कंबर कधीपासून धरलीये? तो दचकला. दिवाळीपासून.

तेवीस वर्षांचा धडधाकट पोर. दिवसभर ट्रॅक्टरवर बसतो, पहाटे उठून दात घासायच्या आत रिकिबीत पाय. मांडीच्या मागच्या शिरा आणि कंबरेचा पुढचा भाग आखडलेला. त्याला पायाचे अंगठे धरायला सांगितलं, हात गुडघ्यांखाली वीतभर जाऊन थांबले. घोडीवर बसला की आखडलेल्या कंबरेला घोडीच्या चालीबरोबर हलता येत नाही, मग तो घट्ट बसतो, गारठलेल्या बोटांनी लगाम ताणून धरतो आणि प्रत्येक दुडकीला घोडीच्या कंबरेवर आपटतो. खोगिराखाली तिच्या पाठीवर उजवीकडे केस उडालेला रुपयाएवढा डाग होता. तो नेहमी उजवीकडे कलून बसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वजनाचाही प्रश्न होता. तो ७१ किलो, जुनं लाकडी सांगाड्याचं खोगीर ९ किलो. एकूण ८०, म्हणजे घोडीच्या वजनाच्या जवळजवळ २२ टक्के. स्वार आणि सामान मिळून २० टक्क्यांच्या आत ठेवावं असं मानतात. अमेरिकेत २००८ साली झालेल्या एका अभ्यासात २५ आणि ३० टक्के ओझ्याने घोड्यांचे स्नायू स्पष्टपणे दुखावलेले आढळले होते. आमची घोडी सीमारेषेवर होती आणि वर बसणारा आखडलेला होता.

मी जनावरांचा डॉक्टर. त्याला शहाद्यातल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. व्यायाम त्यांनी ठरवून दिले: कंबरेचे ताण, भिंतीला पाठ लावून बसणं, पालथं पडून कोपरांवर अंग तोलणं, बैठका बारा-बाराच्या तीन फेऱ्या. माझी भर एकच, आणि या सगळ्या प्रकरणात मला तीच सर्वात मोलाची वाटते. पहिली पंधरा मिनिटं घोडीवर बसायचंच नाही. लगाम हातात धरून तिच्या शेजारून झपझप पायी चालायचं. तिचे स्नायू तापतात, त्याचेही तापतात, बोटं उघडतात, आणि ती कुठला पाय ओढतेय हे चालताना जेवढं दिसतं तेवढं वरून कधीच दिसत नाही. मग ओट्यावरून बसायचं, जमिनीवरून रिकिबीला लटकून नाही. पाच मिनिटं सैल लगामाने चाल, पाच मिनिटं दुडकी, त्यानंतर पुढचं काम. परतताना शेवटचा पाव मैल पुन्हा पायी.

त्याला हे पहिल्यांदा कमीपणाचं वाटलं. घोडं असून पायी चालायचं? गावातली पोरं हसतील. आबा ओट्यावरून म्हणाले, मल्हारराव होळकर आपल्या तळोद्यात मामांकडे वाढले, तेही काय जन्मतःच घोड्यावर बसले नव्हते. त्या एका वाक्याने माझ्या तासाभराच्या समजावणीचं काम केलं.

खाण्यात त्याला फारसं बदलायला सांगावं लागलं नाही. घरात कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, डाळ होतीच. बंद झालं ते पहाटे उपाशीपोटी दोन कप चहा घेऊन निघणं. त्याऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा आणि तांब्याभर कोमट पाणी. थंडीत तहान लागत नाही म्हणून तोही घोडीसारखाच कमी पाणी पीत होता.

सव्वीस डिसेंबरपर्यंत

पहिले दोन दिवस घोडी जागेवर. तिसऱ्या दिवसापासून हाती धरून दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, गाडरस्त्याने. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत पाय रुततात आणि नदीकाठची भुसभुशीत वाळू शिरांना जड जाते, म्हणून टणक पण सपाट गाडरस्ताच धरला. आठव्या दिवशी सीके पाचशेच्या जवळ आलं. स्नायू फुटल्याची दुसरी खूण एएसटी, ते सावकाश उतरतं, अजून चढंच होतं. पंधराव्या दिवशी खोगीर, पण नवं, ५ किलोचं, आणि फक्त चाल. विसाव्या दिवशी दोन्ही आकडे जागेवर आले, तेव्हा पाच मिनिटं दुडकी. नालबंदाची फेरी सहाव्या आठवड्याला येत होती, ती तेव्हाच उरकली.

मुलाला नाडी बघायला शिकवली. जबड्याच्या कडेखाली बोट सरकवलं की दोरीसारखी शीर लागते. काम थांबवल्यावर दहा मिनिटांत नाडी साठच्या खाली आली नाही, तर उद्याचं काम आजच्यापेक्षा कमी. तो हे सगळं शाळेच्या जुन्या वहीत लिहायला लागला.

आबांचा जीव जत्रेत अडकला होता. तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत देशभरातून घोडे येतात, चेतक फेस्टिव्हलमुळे गर्दी आणखी वाढली, आणि वर्षभर सांभाळलेलं जनावर चार जाणत्यांनी बघावं ही भूक मला कळते. रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देता झपझप पडणाऱ्या चालीच्या स्पर्धेत उतरवायचा त्यांचा बेत होता. मी नाही म्हटलं. वीस दिवसांपूर्वी फुटलेले स्नायू वरून भरल्यासारखे दिसतात, पण रेवालीचा ताण नेमका पाठीवर आणि पुठ्ठ्यावर येतो. पुन्हा आखडली तर या वेळेस मूत्रपिंडं साथ देतीलच असं नाही. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दर्शनाले लई जाऊत. बस."

टेम्पोतून नेली, चालवत नाही. मीही एक दिवस गेलो. पहाटे तापीवरून धुकं उठत होतं, राहुट्यांसमोर शेकोट्या, आणि गारठलेली घोडी थेट दावणीवरून सोडून भरधाव पिटाळणारी पोरं. प्रत्येक घोडीच्या पुठ्ठ्याकडे माझी नजर जात होती. आमचा मुलगा लगाम खांद्यावर टाकून घोडीशेजारून पायी चालला होता. एका व्यापाऱ्याने त्याला थांबवून विचारलं, लंगडते का? तो म्हणाला, नाही, तापवतोय. व्यापाऱ्याने तिची मान बघितली, देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा शोधला, दात पाहिले, आकडा सांगितला. आबांनी मान हलवून नकार दिला.

संक्रांतीनंतर पुन्हा ढग आले. दोन दिवस घरचे सगळे हरभऱ्याच्या रानात. मी त्या बाजूला गेलो होतो म्हणून सहज डोकावलो. घरी कुणी नव्हतं. घोडी कडबा ओढत होती, पुढ्यातल्या बादलीवर वाफ होती. खुंटीला वही अडकवलेली. शेवटच्या पानावर त्या दिवसाची तारीख आणि खाली चार ओळी:

काम नाही. दाणा कालपासून बंद.
हाती फिरवली दोनदा, २० मिनिटं.
पाणी सकाळचं ११ लिटर.
माझी कंबर: बोटं पायाला लागली.